जन्माला न आलेल्या प्राण्यांची गोष्ट

मुरूडजवळच्या समुद्रातला जंजिरा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. होडीतून उतरून महादरवाज्याशी आलात की भिंतीवर एक कोरीव श्वापद दिसते. देह वाघसिंहासारखा, आणि पंजांत चक्क हत्ती धरलेले! असले श्वापद आपल्याकडच्या इतरही किल्ल्यांच्या दरवाज्यांवर आढळते. जाणकार त्याला शरभ म्हणतात. पुराणांतला शरभ आठ पायांचा. दरवाज्यावर मात्र पाथरवटाने चार पायांवर भागवले आहे. अर्थ सरळ आहे. हत्तीच्या बळाचा शत्रूही आमच्या मुठीत राहतो, हे आत येणाऱ्याला बजावायचे.

आता त्या पाथरवटाला कोणी विचारला नसेल असा एक प्रश्न आपण विचारू. हे जनावर खरोखर असते, तर ते उभे राहिले असते का? हिशेब सोपा आहे, तोंडी करता येईल. सिंहाचा पंजा अर्ध्या फुटाचा धरा. मोठा हत्ती दहा फूट उंच. हत्ती पंजात मावायचा, तर सिंह निदान वीसपट वाढवला पाहिजे. पण वीसपट वाढवायचा म्हणजे उंचीला वीसपट, लांबीला वीसपट आणि रुंदीलाही वीसपट. वीस गुणिले वीस गुणिले वीस, झाले आठ हजार! दोनशे किलोचा सिंह आठ हजारपट केला की सोळाशे टनांचा होतो. निळा देवमासा, म्हणजे आजवर माहीत असलेल्या प्राण्यांतला सर्वांत अवजड, तो भरतो दीडशे टनांच्या आसपास, आणि त्याला निदान पाण्याचा आधार असतो. आमचा शरभ कोरड्या जमिनीवर, चार पायांवर! त्याच्या पायांची हाडे जाडीला वाढली ती वीस गुणिले वीस, म्हणजे चारशेपट. ओझे आठ हजारपट आणि ते पेलणारे हाड चारशेपट. प्रत्येक चौरस इंच हाडावर पूर्वीच्या वीसपट भार आला. पहिल्याच पावलाला पाय मोडले असते.

यात पाथरवटाचे काही चुकले असे मी म्हणत नाही. त्याला जनावर पाळायचे नव्हते, धाक निर्माण करायचा होता. पण कल्पनेतल्या प्राण्याला असा हिशेब विचारण्याची जी एक रीत जगात गेल्या चारशे वर्षांत पडली, तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि एके ठिकाणी तो दुःखदही आहे.

हा हिशेब पहिल्याने नीट मांडला गॅलिलिओने. दुर्बिणीचा गॅलिलिओ तोच. म्हातारपणी तो फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे नजरकैदेत होता, दृष्टी गेली होती. त्याचा शेवटचा ग्रंथ १६३८ साली हॉलंडात लेडन येथे छापला गेला. त्यात दोन हाडांचे एक चित्र आहे. एक साधे हाड, आणि दुसरे त्याच्या तिप्पट लांबीचे; पण तेच काम करायचे असेल तर ते किती जाड हवे हे दाखवलेले. दुसरे हाड इतके बेढब दिसते, की ते हाड आहे असे सांगावे लागते. गॅलिलिओचे म्हणणे असे, की माणसाचा राक्षस करायचा तर एक तर हाडांना याहून कठीण पदार्थ शोधा, नाही तर त्याचा आकारच बदला. एक घरगुती दाखलाही त्याने दिला आहे. लहान कुत्रे आपल्याएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर वाहून नेईल, पण घोड्याला आपल्याएवढा एक घोडाही झेपायचा नाही. बैलगाडी हाकणाऱ्याला हे पटायला पुस्तक लागत नाही.

पुढे १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने याच विषयावर एक छोटा निबंध लिहिला. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. तेव्हा ते आपलेच म्हणायला हरकत नाही. त्यांनी गोष्टींतले साठ फुटी राक्षस घेतले आणि दाखवून दिले, की मांडीचे हाड साधारण माणसाच्या दसपट वजनाला मोडते, म्हणून हे राक्षस पाऊल टाकताच कोसळतील. पंखवाल्या देवदूतालाही त्यांनी सोडले नाही. गरुडाच्या किंवा कबुतराच्या स्नायूंना जेवढा जोर, तेवढाच देवदूताच्या स्नायूंना धरला, तर पंख हलवणारे स्नायू मावायला त्याची छाती चार फूट पुढे यायला हवी, आणि वजन वाचवण्यासाठी पाय काठ्यांसारखे बारीक हवेत. चित्रकारांनी काढलेला देखणा देवदूत उडणार नाही. जो उडेल तो देखणा असणार नाही! उलट बाजूचा त्यांचा दाखला उंदराचा. खोल खाणीच्या विवरात उंदीर पडला तर जरासा हबकून चालू लागतो, माणूस मात्र जिवंत राहत नाही. लहान देहाला वजनाच्या मानाने अंग मोठे, त्यामुळे हवाच त्याला सावरून धरते.

वजनाचा हिशेब झाला. दुसरा हिशेब अवयवांच्या आपसांतल्या मेळाचा. त्याचा आचार्य पॅरिसचा जॉर्ज कुविए. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे, खरीखोटी कोण जाणे. एका विद्यार्थ्याने सैतानाचे सोंग घेऊन रात्री त्याला उठवले आणि ‘तुला खातो’ म्हणून दरडावले. कुविएने शिंगे पाहिली, खूर पाहिले, आणि ‘तू गवत खाणारा, मला कसा खाशील?’ असे म्हणून कूस बदलली. आख्यायिका बाजूला ठेवू, पण १८०४ सालची हकीकत मात्र खरी आहे. पॅरिसजवळच्या माँमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणीत एका लहान प्राण्याचा अश्मीभूत सांगाडा निघाला. जबडा पाहून कुविए म्हणाला, हा पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या ओपोसम जातीचा प्राणी आहे, तेव्हा कमरेच्या हाडापुढे दोन जादा हाडे असलीच पाहिजेत. ती तेव्हा दगडात गाडलेली होती. त्याने चार लोकांना समोर बसवले आणि सुईने हळूहळू दगड कोरला. दोन्ही हाडे निघाली.

अर्थात हा मेळही फार घट्ट धरून चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसचे कातडे लंडनला आले, तेव्हा १७९९ साली त्याचे वर्णन लिहिताना जॉर्ज शॉ या तज्ज्ञाला शंका आली होती, की कोणी बदकाची चोच जनावराला चिकटवली तर नसेल? आपण हा प्राणी कल्पनेने काढला असता तर परीक्षकांनी खोडून टाकला असता. तो नदीकाठी मजेत राहत होता, आणि अंडीही घालत होता.

मला स्वतःला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडते ती डार्विनच्या पतंगाची गोष्ट. दिव्याभोवती फिरतो तो पतंग, उडवायचा नव्हे. १८६२ साली डार्विनकडे मादागास्कर बेटावरचे एक आमर फूल आले, पांढरेशुभ्र, चांदणीसारखे. त्याच्या मागे शेपटासारखी एक बारीक नळी लोंबत होती, साडेअकरा इंच लांब. आणि मध होता फक्त तळाच्या दीड इंचात. फूल मध ठेवते ते कोणी तरी येऊन प्यावा आणि जाताना पराग घेऊन जावा म्हणून. मग इतक्या खोलातला मध पिणार कोण? डार्विनने लिहून टाकले, की मादागास्करात दहा-अकरा इंच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. असा पतंग कोणी पाहिला नव्हता. काही कीटकतज्ज्ञांनी थट्टाही केली. पण १८६७ साली वॉलेस डार्विनच्या बाजूने उभा राहिला. नेपच्यून ग्रह जसा आधी गणिताने सांगितला आणि मग दुर्बिणीने सापडला, तसा हा पतंग खुशाल शोधा, असे त्याने लिहिले, आणि न सापडलेल्या त्या पतंगाचे चित्रही लेखासोबत छापून घेतले. डार्विन १८८२ साली वारला. १९०३ साली मादागास्करातल्या त्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावात ‘भाकीत केलेला’ या अर्थाचा लॅटिन शब्द घालण्यात आला. तेव्हा त्याला आफ्रिकेतल्या एका पतंगाची पोटजात मानले होते. २०२१ साली ती स्वतंत्र जात ठरवली गेली.

इथे विचारात घ्यायची गोष्ट ही, की डार्विनने हा प्राणी कल्पनेने घडवला हे त्याने लपवले नाही. ‘असला पाहिजे’ असे तो म्हणाला, ‘आहे’ असे नव्हे. शोधणाऱ्याला वाट मोकळी होती, आणि तो सापडला नसता तर डार्विन चुकला हेही सर्वांना दिसले असते.

आता उलट उदाहरण पाहा. १९१२ सालच्या डिसेंबरात लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे चार्ल्स डॉसन आणि स्मिथ वुडवर्ड यांनी काही हाडे ठेवली. ती इंग्लंडातल्या पिल्टडाउन गावच्या वाळूखडीत सापडली असे सांगण्यात आले. कवटी माणसाची आणि जबडा वानराचा! माणसाचे पूर्वज असेच असणार, आधी मेंदू मोठा झाला आणि दातजबडे मागाहून सुधारले, अशी तिकडच्या बऱ्याच विद्वानांची समजूत होतीच. समोर आलेला प्राणी त्या समजुतीच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखा चपखल बसला. शंका घेणारे होते, पण त्यांचे फारसे चालले नाही.

पुढे १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग येथे एका बालकाची कवटी मिळाली. रेमंड डार्ट यांनी १९२५ साली ती प्रसिद्ध केली. मेंदू लहान, वानराएवढा. दात मात्र माणसाच्या वळणाचे, आणि डोके मानेवर असे बसलेले की प्राणी ताठ चालत असावा. म्हणजे पिल्टडाउनच्या नेमके उलट. मोठमोठ्या पंडितांनी डार्टना बाजूला सारले. त्यांतले अग्रणी आर्थर कीथ यांनी ‘डार्ट बरोबर होते’ असे जाहीर कबूल केले ते १९४७ साली! आणि १९५३ साली ऑक्सफर्ड व लंडनच्या शास्त्रज्ञांनी पिल्टडाउनची हाडे तपासली, तेव्हा उघड झाले, की जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले, आणि जुनी दिसावीत म्हणून हाडे रंगवलेली. चाळीस वर्षे एक बनावट प्राणी पुस्तकांत माणसाचा पूर्वज म्हणून मिरवत होता, आणि खरा पूर्वज दाराबाहेर ताटकळत होता. ज्याने हे केले त्याला शरीरशास्त्र चांगले येत होते. काय खरे वाटेल हे त्याला ठाऊक होते, आणि त्याचाच त्याने उपयोग केला.

लबाडी नसतानाही असे होते. आपल्याच शिवालिक टेकड्यांत १९३२ साली जबड्याचा एक तुकडा मिळाला. प्रभू रामचंद्रांच्या नावावरून त्याला रामपिथेकस म्हटले गेले. शिक्षकांनी हे नाव शालेय पुस्तकांत वाचले असेल. १९६१ नंतर तो माणसाचा पूर्वज म्हणून गाजला. तेवढ्या जबड्यादातांवरून तो दोन पायांवर चालत असेल, हत्यारे वापरत असेल, असे तर्क बांधले गेले. पायाचे हाड कोणाकडेच नव्हते! पुढे १९८०च्या सुमारास पाकिस्तानात पोटवारच्या पठारावर त्याच गटातल्या प्राण्याचा पुष्कळसा चेहरा सापडला, आणि नाते निघाले ओरांगउटानशी. समाधान एवढेच, की हे उत्खनन चालवणारे डेव्हिड पिल्बीम हे पूर्वी रामपिथेकसचे कैवारी होते, आणि पुरावा पाहून त्यांनीच मत बदलले.

पिल्टडाउनचे बिंग फुटल्यावर चारच वर्षांनी, १९५७ साली, जर्मनीत स्टुटगार्टला एक बारीकसे पुस्तक निघाले. लेखकाचे नाव हाराल्ड श्टुम्प्के. विषय, नाकावर चालणारे सस्तन प्राणी! पॅसिफिक महासागरातल्या हाय-याय-याय नावाच्या बेटांवर हे प्राणी राहत. कोणी नाकावर उड्या मारी, कोणी चार नाकांवर चाले, कोणी शेंबडाचे धागे पाण्यात सोडून मासेमारी करी, कोणी कानांनी उडे आणि तेही उलट दिशेने. हसू नका, प्रत्येकाचे स्नायू, हाडे, रक्तवाहिन्या, वर्गवारी, सगळे काटेकोर काढले होते. पुस्तकाच्या शेवटी कळते, की अणुस्फोटाच्या एका चाचणीने ती बेटे समुद्रात बुडाली, आणि परिषदेसाठी तिथे जमलेले सारे तज्ज्ञही त्यांच्याबरोबर गेले. पुरावा शून्य! खरे लेखक होते गेरोल्फ श्टायनर, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. १९६२च्या फ्रेंच भाषांतराला पिएर-पॉल ग्रासे या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाने गंभीर मुद्रेने प्रस्तावना लिहून थट्टेत भाग घेतला.

पण श्टायनरांनी किल्ली पुस्तकातच ठेवली होती. बेटे शोधणाऱ्या स्वीडिश माणसाच्या आडनावातच ‘स्केम्ट’ हा शब्द आहे. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ थट्टा. पिल्टडाउनवाल्याने अशी किल्ली ठेवली नव्हती. पुढे १९८१ साली डूगल डिक्सन या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने माणूस नाहीसा झाल्यानंतर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील याचे सचित्र पुस्तक काढले. त्यात उंदरांचे वंशज शिकार करतात आणि सशांचे वंशज हरणांसारखे चरतात. तिथे तर सारा व्यवहार उघडच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा खेळ वर्गात खेळून पाहण्यासारखा आहे. फळ्यावर एक बेट काढा. गवत नाही, पाऊस चार महिने, झाडे काटेरी, रात्री कडाक्याची थंडी. मुलांना म्हणावे, इथे राहील असा एक प्राणी काढा. पहिल्यांदा चार शिंगे आणि तीन शेपट्या निघतील, निघू द्या. मग एकेकाला विचारा, हा खातो काय? मग दात असे का? आठ महिने पाणी कुठून आणतो? याला कोण खातो? पिल्ले किती, आणि ती थंडीत कशी जगतात? वजन किती, आणि मग पाय एवढे बारीक कसे? उत्तर जमले नाही तर चित्र खोडायला लावा, आणि जमले तर चित्राच्या वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘काल्पनिक’ असे लिहून खाली मुलाने आपले नाव घालावे.