काळ्या पडद्यामागे काय होते?

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत भुताखेतांचा विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु ज्या कादंबरीविषयी मी लिहिणार आहे तिच्यात एकही खरे भूत नाही, आणि तरीही सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ ती वाचून माणसे दचकत आली आहेत.

अ‍ॅन रॅडक्लिफ ह्या इंग्रज लेखिकेची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ ही कादंबरी १७९४ साली चार खंडांत निघाली. तिच्याबद्दल प्रकाशकाने बाईंना पाचशे पौंड दिले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. जुने किल्ले, भुयारे, घराण्यांची गुपिते अशा सामग्रीच्या कादंबऱ्यांना ‘गॉथिक’ म्हणतात. त्यांचा आरंभ होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून मानतात. तीत लग्नाच्या दिवशीच एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळून नवरामुलगा चिरडला जातो. वाचून आपण थक्क होतो. भीती मात्र वाटत नाही.

रॅडक्लिफबाईंनी ही रीतच उलटी केली. एमिली ही पोरकी मुलगी आत्याच्या आश्रयाला असते. आत्या माँटोनी नावाच्या इटालियन गृहस्थाशी लग्न करते आणि तो दोघींना अपेनाइन डोंगरातील उडॉल्फोच्या किल्ल्यात नेऊन ठेवतो. एमिलीच्या खोलीला एक जादा दार आहे. ते अंधाऱ्या जिन्यावर उघडते आणि त्याला आतून कडी नाही! ती दाराला जड खुर्ची लावून निजते. सकाळी पाहते तो दार बाहेरून लावलेले. रात्री कोणीतरी आले होते खास. बाईंनी एवढेच सांगितले आहे. रक्त नाही, किंकाळी नाही. माझ्या मते साऱ्या पुस्तकातली ही सर्वांत भयंकर जागा आहे.

काळ्या पडद्याची कीर्ती मात्र याहून मोठी. एका दालनात एमिली तो पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले, हे लेखिका शेकडो पाने सांगतच नाही. अखेरच्या खंडात उलगडा होतो: ते प्रेत नसून मेणाची आकृती होती, पूर्वीच्या एका धन्याला प्रायश्चित्त म्हणून ठेवावी लागलेली. माँटोनीचे शब्द भिंतीआडून परत उच्चारणारा आवाजही एका कैद्याचाच निघतो. पुष्कळ वाचकांना हे उलगडे म्हणजे फसवणूक वाटली. बाईंचे म्हणणे निराळे होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १८२६ साली, छापलेल्या एका निबंधात त्यांनी भय आणि किळस यांत भेद केला आहे. धूसर, अर्धवट दिसणाऱ्या गोष्टीने मन जागे होते, विस्तारते. ओंगळ गोष्ट उघडी समोर ठेवली की ते गोठून जाते.

मला वाटते, त्या उलगड्यांचा आणखी एक परिणाम होतो. भुते एकेक करून निकालात निघतात, आणि मागे उरतो तो माँटोनी. त्याला आत्याच्या फ्रान्समधल्या जमिनी हव्या आहेत. ती सही करीत नाही, म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो; तिथे ती आजारी पडते आणि पुढे मरते. मग तोच कागद एमिलीपुढे येतो. ह्या भीतीचा उलगडा कोण करणार? कथा १५८४ सालची, पण वाचणाऱ्या बायका बाईंच्या काळच्या इंग्लंडातल्या. तिथे लग्न होताच स्त्रीची रोकड व चीजवस्तू नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचा कारभारही त्याच्याच हाती जाई. श्रीमंत घराणी निराळे करार करून मुलींची मिळकत राखीत, ते सोडा. हा कायदा १८७० साली थोडा आणि १८८२ साली पुरता बदलला.

जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’मध्ये ‘उडॉल्फो’ वाचून झपाटलेल्या मुलीची मोठी गंमत केली आहे. पाहुणी म्हणून गेलेली कॅथरिन रात्री जुन्या कपाटातून थरथरत्या हातांनी कागद काढते, तर तो धोब्याचा हिशेब! पुढे घरधन्या जनरलने बायकोचा खून केला असावा असाही तिला संशय येतो. तोही खोटाच. परंतु ही मुलगी धनवान नाही, असे कळताच तोच जनरल दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घराबाहेर काढतो आणि सोबतीला कोणी न देता सत्तर मैलांच्या वाटेला लावतो.