घरपट्टीतले आठ पैसे

हैदराबादेत कोठीतल्या घराची पट्टी भरली की झाडलोट, दिवाबत्ती, गटार यांच्या जोडीला ग्रंथालयाचा उपकरही आपण भरतो. घरपट्टीच्या रुपयामागे आठ पैसे. हजाराच्या पट्टीवर ऐंशी रुपये. महापालिकेने ते गोळा करायचे आणि शहर ग्रंथालय संस्थेच्या हवाली करायचे, असा कायदा.

या आठ पैशांचा एक पूर्वज आपल्या मराठी मुलखात सापडतो. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयावर एक आणा जादा बसला, १८६९च्या कायद्याने तो पक्का झाला. हाच लोकल फंड. दोन हिस्से रस्त्यांना, एक शाळांना. शाळेचा वाटा आधीच बाजूला काढायचा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण वाटा कागदावर पडला म्हणून गावात पोचतोच असं नाही. १८८२ साली शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं: पट्टी वसूल होते, आणि दहांतल्या नऊ गावांत शिक्षणाची सोयच नाही.

पुस्तकांचा वाटा बराच उशिरा आला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या खटपटीने मद्रासने १९४८ साली ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता करावर उपकर बसवला. १९५५ साली हैदराबाद राज्याचा, १९६० साली आंध्र प्रदेशचा कायदा झाला. तेलंगणातही उपकर चालू राहिला. कोठी मात्र कायद्यासाठी थांबली नव्हती. सुलतान बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ साली उभं राहिलं, आणि इथल्या मराठी मंडळींनी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली. केशवराव कोरटकरांसारखी माणसं त्यामागे होती.

महाराष्ट्रात घरपट्टीबरोबर शिक्षण कर भरावा लागतो, बिगरनिवासी जागांवर रोजगार हमीचाही असतो. पण १९६७च्या ग्रंथालय कायद्यात उपकर ठेवलाच नाही. तिथली वाचनालयं सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसतात. इकडे उपकर आहे, तर महापालिकेने तो ग्रंथालयांना वेळेवर दिला नाही, थकबाकी साचली, अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. तरी थकबाकी मागायला जाणाऱ्याला इथे हिशोब मांडता येतो: पट्टी इतकी जमा झाली, त्यातले रुपयामागे आठ पैसे आमचे.