रसायन, शरीर आणि भाषा : मराठी वैद्यक-विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा इतिहास

आधुनिक वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला रोग्याच्या खाटेजवळ पोहोचण्यापूर्वी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र हे विषय पार करावे लागतात, आणि हे विषय अवघड का जातात याचे कारण बहुधा विद्यार्थ्याच्या बुद्धीत किंवा त्याच्या कष्टांत शोधले जाते. मुंबई इलाख्यातील वैद्यकशिक्षणाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या अवघडपणाचा मोठा भाग विषयांच्या बाहेर, म्हणजे शिकवण्याच्या भाषेत आणि शाळेत न मिळालेल्या पूर्वतयारीत होता असे दिसते. हा भाग कधी शिक्षकांनी उचलला आणि कधी तो पूर्णपणे विद्यार्थ्यावर टाकला गेला. शिक्षणाच्या या इतिहासाचे खरे टप्पे त्या अदलाबदलीने पडले आहेत.

त्याचा आरंभ १८२६ मध्ये झाला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत देशी वैद्यकशाळा काढण्यात आली आणि तिची देखरेख जॉन मॅक्लेनन या सर्जनकडे सोपवण्यात आली. पलटणींना आणि मुलकी ठाण्यांना हाताखालचे मदतनीस, त्या काळच्या भाषेत ‘नेटिव डॉक्टर’, पुरवणे एवढाच सरकारचा हेतू होता. मात्र त्यासाठी निवडलेला मार्ग आजही विचार करण्यासारखा आहे, कारण तेथे शिक्षण देशी भाषांतून देण्याचे ठरले आणि मॅक्लेनन यांनी शरीररचना, औषधे आणि रोगचिकित्सा यांवरील पाठ मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी भाषांत उतरवण्याचे काम हाती घेतले. शाळेत शिकवण्यासाठी पुस्तके नव्हती, पुस्तकांसाठी शब्द नव्हते आणि शब्द ठरवण्यासाठी दोन्ही शास्त्रे जाणणारा माणूस नव्हता, अशा स्थितीत ही शाळा चालली. अपेक्षित फळ मिळत नाही असे ठरवून १८३२ मध्ये ती बंद करण्यात आली, पण इतक्या मोठ्या कामाला मिळालेली सहा वर्षे अपुरीच म्हणावी लागतील.

शब्दांची ही अडचण किती खोल होती हे शरीररचनेच्या एकाच उदाहरणावरून स्पष्ट होते. भाषांतरकाराला शब्दांसाठी सुश्रुतसंहितेकडे वळणे स्वाभाविक होते, कारण तेथे शरीराच्या घटकांची मोजदादच केलेली आहे : तीनशे हाडे, सातशे शिरा, चोवीस धमन्या, नऊशे स्नायू, पाचशे पेशी आणि एकशे सात मर्मे. परंतु सुश्रुताच्या ‘स्नायू’चा अर्थ सांधे व अवयव बांधून ठेवणारे बंध असा आहे आणि त्याची ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा. आजच्या मराठीत मात्र स्नायू हा शब्द नेमका त्या मांसल भागासाठी रूढ झाला आहे आणि पेशी हे सजीवाच्या सूक्ष्म घटकाचे नाव झाले आहे. रक्त हृदयाकडून नेणारी ती धमनी आणि हृदयाकडे आणणारी ती शिरा हा भेद रक्ताभिसरणाच्या शोधानंतरचा असल्याने जुन्या शब्दांत तो मुळात नव्हता. म्हणून पुढे कोणी धमनी-शिरा, तर कोणी रोहिणी-नीला अशी जोडी वापरली. हाडांची संख्यासुद्धा जुळत नव्हती, कारण युरोपीय शरीरशास्त्र प्रौढ माणसात २०६ हाडे मोजते. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने वापरावा लागणे हे नवा शब्द पाठ करण्यापेक्षा कठीण असते, आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला नेमके हेच आले.

दरम्यान १८३५ मध्ये लॉर्ड बेंटिंक यांनी कलकत्त्याची देशी भाषेतील वैद्यकशाळा मोडून तेथे इंग्रजीतून शिकवणारे मेडिकल कॉलेज उभारले आणि मुंबईतही विचारांचा ओघ त्याच दिशेने वळला. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाची योजना चालवली होती. १८३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर स्मारकनिधी जमला आणि सरकारनेही वाटा उचलला. शेजारच्या रुग्णालयासाठी जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले, आणि १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज दोन्ही सुरू झाली. येथे शिक्षणाची भाषा इंग्रजी होती. प्राचार्य चार्ल्स मोरहेड वैद्यक शिकवत, जॉन पीट यांच्याकडे शरीररचना व शस्त्रक्रिया होती आणि हर्बर्ट जिरॉड रसायन व वनस्पतिशास्त्र सांभाळत. आरंभी मुख्य भार या तिघांवरच होता.

यांपैकी रसायन हा विषय वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कशासाठी, हा प्रश्न त्या काळीही उपस्थित होण्यासारखा होता, आणि जिरॉड यांचे दुहेरी काम हेच त्याचे उत्तर होते. औषधे डॉक्टरच्या देखरेखीखाली तयार होत असल्याने क्षार, आम्ल आणि अर्क यांचे गुणधर्म जाणणे ही रोजची गरज होती, आणि विषप्रयोगाच्या खटल्यांत मृताच्या जठरातील द्रव्य तपासण्याचे कामही रसायनाच्या प्राध्यापकाकडेच येई. वनस्पतिशास्त्राचा संबंध अधिक सरळ होता, कारण तेव्हाची बहुतेक औषधे झाडपाल्यापासून मिळत आणि एका वनस्पतीऐवजी दुसरी उचलणे रोग्याच्या जिवावर बेतू शकत असे. आज प्रवेशाच्या चाळणीसारखे वाटणारे हे विषय तेव्हा कामाची हत्यारे होती, आणि कशासाठी शिकायचे हे डोळ्यांपुढे असल्याने ती पेलण्याचे बळ विद्यार्थ्यांना मिळत असले पाहिजे.

१८५१ मध्ये पहिल्या आठ जणांना ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’ ही पदवी मिळाली. त्यांत भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा आणि जुझे कामिलो लिझबोआ ही नावे आहेत. हे विद्यार्थी कसे टिकले याचे एक उत्तर त्यांच्या पूर्वशिक्षणात सापडते. भाऊ दाजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकलेले होते आणि कॉलेजात येण्यापूर्वी त्यांनी तेथे अध्यापनही केले होते. म्हणजे इतरांना जो डोंगर चढायचा होता, त्याच्या पायथ्याची वाट त्यांच्या पायांखालची होती. लिझबोआ मूळचे गोव्याचे. गोव्यात १८४२ पासून पोर्तुगीज भाषेतून वैद्यक शिकवणारी शाळा होती, तरी इंग्रजीची वाट धरून मुंबईला येणारे गोमंतकीय तरुण कमी नव्हते. या पहिल्या तुकडीने शास्त्रविषयांकडे परीक्षेपुरते पाहिले नाही, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून कळते : लिझबोआ मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींचे आणि गवतांचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाले, भाऊ दाजींनी महारोगावर देशी औषधाचे प्रयोग केले, आणि प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही होते.

तथापि इंग्रजी उत्तम येणारे असे विद्यार्थी मोजकेच होते आणि इलाख्याची गरज फार मोठी होती. ही तफावत ओळखून १८६१ च्या सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजातच मराठी आणि गुजराती वर्ग सुरू करण्यात आले, आणि या इतिहासातील सर्वांत आशादायक टप्पा हाच म्हटला पाहिजे. १८२६ मध्ये नव्हते ते आता उपलब्ध होते : स्वतः इंग्रजीतून शास्त्रे शिकलेले आणि मराठी मातृभाषा असलेले शिक्षक. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांनी मराठी वर्गात शिकवले, आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन यांनीही या वर्गाच्या अध्यापनात मोठा वाटा उचलून वैद्यकावर मराठीत ग्रंथलेखन केले. जी शास्त्रे स्वतःला परक्या भाषेत पचवावी लागली, ती पुढच्यांना आपल्या भाषेत मिळावीत म्हणून या माणसांनी घेतलेले कष्ट मराठी समाजाने नीट लक्षात ठेवलेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु या वर्गातून तयार होणाऱ्याला पदवीधराचा दर्जा नव्हता. तो दुय्यम मानला जाई आणि त्याचे वेतनही त्याच मापाने ठरे. पुढे पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल निघाले आणि दुय्यम शिक्षणाचा भार अशा शाळांकडे गेला. विद्यापीठाची पदवी इंग्रजीतच राहिली, आणि मराठीतील शास्त्रशिक्षण कमी दर्जाशी जोडले गेले ते कायमचे. ही जोड विषयाच्या स्वरूपातून आलेली नव्हती, नोकरीच्या श्रेणींतून आलेली होती, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पूर्वतयारीचा अभाव कसा भरून निघू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईबाहेरचे, फिलाडेल्फियातील आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या शरदात पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांचे बहुतेक शिक्षण पती गोपाळराव यांच्याकडून घरी आणि काही काळ मिशनच्या शाळेत झाले होते. प्रयोगशाळेतील रसायनाची किंवा शवविच्छेदनाची, म्हणजे मृतदेह उकलून अवयव प्रत्यक्ष पाहण्याची, पूर्वओळख त्यांना असणे शक्य नव्हते. त्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थिनींकडे त्यांचे विशेष लक्ष असे. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या कार्पेंटर बाईंनी आनंदीबाईंना आधीच घरच्यासारखा आसरा दिला होता. थंड हवामान, बदललेला आहार आणि ढासळती प्रकृती यांना तोंड देत आनंदीबाईंनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि मार्च १८८६ मध्ये पदवी मिळवली. त्यांनी प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला, आणि घरच्या परंपरेतील ज्ञान नव्या शास्त्राच्या शेजारी ठेवण्याची ही निवड अतिशय अर्थपूर्ण होती, कारण शब्दांच्या ज्या दोन जगांत मुंबईचे विद्यार्थी अडकत होते, ती दोन्ही जगे त्यांनी एका लेखनात आणली. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची जिद्द असामान्य होती यात शंका नाही, पण त्यांच्या यशाचे वर्णन केवळ जिद्दीने करणे अपुरे आहे. परक्या देशात त्यांच्या वाटेचा काही भार उचलणारे शिक्षक आणि घर त्यांना मिळाले होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचा अनुभव आणखी वेगळा होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे माध्यम उर्दू ठरले, आणि दारुल-तर्जुमा या भाषांतर विभागाने रसायन, पदार्थविज्ञान व वैद्यक यांची पुस्तके व परिभाषा उर्दूत तयार केली. देशी भाषेतून वैद्यकाची पदवी देता येते हे येथे प्रत्यक्षात दिसले. मात्र औरंगाबाद किंवा नांदेडहून जाणाऱ्या मराठीभाषक मुलासाठी ती भाषाही परकीच होती : त्याला रसायनाला कीमिया आणि शरीररचनेला तश्रीह म्हणावे लागे, आणि १९४८ नंतर माध्यम बदलल्यावर तेच विषय इंग्रजीत पुन्हा ओळखून घ्यावे लागले. मराठवाड्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला १९५६ मध्ये मिळाले.

मुंबईत १९२६ मध्ये सुरू झालेले सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज भारतीय अध्यापकांच्या हाती असावे असा दात्यांचा आग्रह होता, आणि तो राष्ट्रीय भावनेला साजेसाच होता; परंतु अध्यापक आपले झाले तरी भाषा इंग्रजीच राहिली. विसाव्या शतकात मॅट्रिकनंतर थेट वैद्यकात जाण्याची वाट बंद होऊन मध्ये इंटर सायन्सची पायरी आली आणि शास्त्रविषयांची लढाई महाविद्यालयाच्या दाराबाहेर सरकली. जीवशास्त्राचा ‘बी ग्रुप’ घेऊन इंटरला मिळणारे गुण हेच प्रवेशाचे माप ठरले. पुढे दहावी-बारावीची रचना आल्यावर मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाला अकरावीच्या विज्ञान शाखेत अचानक इंग्रजीला सामोरे जावे लागू लागले. शाळेत प्रकाशसंश्लेषण, आम्लारी आणि मूलद्रव्य म्हणून शिकलेल्या गोष्टी त्याला पुन्हा नव्या नावांनी शिकाव्या लागत. याच तुटीवर खासगी शिकवण्या वाढल्या, शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आले आणि लातूरसारख्या ठिकाणी प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घेण्याची शिस्तबद्ध पद्धत ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. या पद्धतीने ग्रामीण मुलांना वैद्यकाची दारे उघडून दिली हे मान्य केले पाहिजे, पण एकेकाळी सरकारी महाविद्यालयाने स्वतः उचललेला भार येथे कुटुंबाच्या खिशावर पडला, हेही तितकेच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

वैद्यकप्रवेशाची देशव्यापी ‘नीट’ परीक्षा २०१३ मध्ये प्रथम झाली, आणि आता तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. ७२० गुणांच्या या परीक्षेत निम्मे गुण पदार्थविज्ञान व रसायन यांना आणि निम्मे जीवशास्त्राला आहेत. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तके प्रकाशित केली तेव्हा तो नवा आरंभ मानला गेला. मुंबईत मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग त्याच्या सुमारे एकशे साठ वर्षे आधी भरत होता. महाराष्ट्रात आज मराठी प्रश्नपत्रिका सोडवून वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या वर्षी पडणारे शरीररचनेचे पुस्तक इंग्रजीतच असते.