तेल उतरलं, शुल्क राहिलं

अमेरिकेत एकेकाळी विमानाच्या तिकिटातच बॅगेचं भाडं धरलेलं असे. २००८ साली खनिज तेल भडकलं आणि अमेरिकन एअरलाइन्सनं देशांतर्गत प्रवासात पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले. इतर बड्या कंपन्यांनी हाच कित्ता गिरवला. वर्षअखेरीस तेल कोसळलं. शुल्क मात्र राहिलं! याचं एक कारण मला करात दिसतं. तिथं देशांतर्गत तिकिटावर ७.५ टक्के केंद्रीय कर आहे, बॅगेच्या शुल्कावर नाही. म्हणजे तिकीट स्वस्त दिसतं आणि करही वाचतो. मोफत बॅगांची जाहिरात करणाऱ्या साउथवेस्टनंही २०२५ साली बहुतेकांची ही सवलत काढली. लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ६२ इंचांवर गेली, की सहसा वेगळा भुर्दंड. तेव्हा तिकिटाच्या किमतीत बॅगेचं शुल्क मिळवल्याशिवाय ते स्वस्त म्हणू नये, हे बरं.