क्रॉस-जेन गेमनिर्मिती

गेम कन्सोलच्या मावळत्या आणि नव्या अशा दोन पिढ्यांसाठी एकच व्हिडिओ गेम तयार करण्याच्या पद्धतीला या व्यवसायात ‘क्रॉस-जेन’ निर्मिती म्हणतात. कन्सोल म्हणजे मुख्यतः गेम खेळण्यासाठी बनवलेला, टीव्हीला जोडायचा संगणक. त्याचा प्रोसेसर वा मेमरी ग्राहकाला बदलता येत नाही, आणि साधारण सहा-सात वर्षांनी कंपनी संपूर्ण नवे यंत्र बाजारात आणते, तेव्हा पिढी बदलली असे मानतात. २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आला, त्या वेळी प्लेस्टेशन ४ ची विक्री ११ कोटींच्या पुढे गेलेली होती. एवढा ग्राहकवर्ग सोडून अनेक वर्षे खपून केलेला महागडा गेम फक्त नव्या यंत्रासाठी काढणे बहुतेक प्रकाशकांना परवडणारे नसते.

आधीच्या पिढीबदलात मुख्य अडचण यंत्रांच्या घडणीची होती. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ प्रोसेसरात एका मुख्य गाभ्याच्या हाताखाली अनेक साहाय्यक गाभे काम करीत आणि त्यांना कामे वाटून देणारा कोड खास त्याच यंत्रासाठी लिहावा लागे, तर २०१३ चा प्लेस्टेशन ४ घरगुती संगणकाच्याच वळणाचा होता. त्यामुळे जुन्या यंत्राची आवृत्ती पुष्कळदा वेगळ्या स्टुडिओकडे सोपवली जाई. ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डर’ (२०१४) या गेममध्ये शत्रू नायकाला ओळखतात, आधीची झटापट लक्षात ठेवतात आणि पदोन्नतीही मिळवतात; जुन्या यंत्रांवर नेमकी हीच व्यवस्था कातरावी लागली, म्हणजे गेमचा प्राणच क्षीण झाला.

प्लेस्टेशन ४ आणि ५ एकाच कुळातले असल्याने कोड नव्याने लिहिण्याचे कष्ट कमी झाले, पण साठवणुकीतली दरी फार मोठी निघाली. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क होती. तिच्यातून सेकंदाला सुमारे ५० ते १०० मेगाबाइट माहिती वाचता येते आणि ती शोधण्यासाठी वाचनशीर्षाला तबकडीवर जागा बदलावी लागते. नव्या यंत्रातील एसएसडीला फिरता भागच नाही आणि तिचा वेग सेकंदाला ५.५ गिगाबाइट आहे. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील व्याख्यानात ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ (२०१८) या गेमचा दाखला दिला होता. न्यूयॉर्कवरून झोके घेत जाणाऱ्या नायकापुढे रस्ता वेळेवर उभा राहावा म्हणून त्या त्या भागाची सर्व माहिती डिस्कवर सलग ठेवावी लागे, आणि परिणामी टपालपेटीसारख्या साध्या वस्तूंच्या सुमारे ४०० प्रती डिस्कवर साठवल्या जात. अनेक गेममध्ये नायक खडकांमधल्या अरुंद फटीतून अंग चोरून सरकतो, तेही बहुधा पुढचा प्रदेश मेमरीत येईपर्यंत वेळ काढण्यासाठीच.

चित्राचे रिझोल्यूशन, सावल्या, गर्दीतील माणसांची संख्या या गोष्टी यंत्राच्या ताकदीप्रमाणे कमीजास्त करता येतात. नगराची आखणी, नायकाच्या धावण्याचा वेग आणि शत्रूंची बुद्धी मात्र एकदाच ठरते, आणि ती दुबळ्या यंत्राला पेलेल अशीच ठरवावी लागते. हे भान न ठेवल्याची किंमत ‘सायबरपंक २०७७’ ने मोजली. डिसेंबर २०२० मध्ये आलेला हा गेम २०१३ च्या कन्सोलवर वारंवार बंद पडे आणि त्यातील दृश्ये धूसर दिसत. अवघ्या काही दिवसांत प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि तो परतायला जून २०२१ उजाडला. २०२३ मध्ये आलेला त्याचा विस्तार ‘फँटम लिबर्टी’ जुन्या कन्सोलसाठी काढलाच नाही, आणि हा निर्णय योग्यच होता.

निन्टेन्डोच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ (२००६) चे उदाहरण निराळे आहे. जुन्या गेमक्यूब कन्सोलसाठी रचलेला हा गेम नव्या वी कन्सोलवर आणताना तलवार हातातील रिमोट हलवून चालवायची ठरली. बहुतेक खेळाडू उजवे आणि नायक लिंक डावखुरा, म्हणून वी आवृत्तीत सगळे जगच आरशातल्यासारखे उलटे करण्यात आले.

गेमची गरज माफक असेल तर जुने यंत्र बराच काळ टिकते. ‘जस्ट डान्स’ या मालिकेच्या निर्मितीत युबिसॉफ्टच्या पुणे स्टुडिओचाही वाटा आहे. तिच्यात पडद्यावरील नर्तकाचे अनुकरण करायचे असते आणि यंत्राला मुख्यतः हाताची हालचाल तपासावी लागते. या मालिकेतील ‘जस्ट डान्स २०२०’ हा गेम नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे वी बाजारात येऊन जवळपास १३ वर्षे झाल्यावरही, वीसाठी प्रसिद्ध झाला.