भोक नाण्याला की पुठ्ठ्याला?

परभणी, जिंतूर, गंगाखेड या भागातल्या जुन्या घरांत निजामाच्या काळचा चांदीचा रुपया अजूनही निघतो, आणि पुष्कळदा तो जखमी असतो. कडेला बारीक भोक असतं, नाहीतर चारमिनारच्या डोक्यावर कडी डाखलेली असते. कुणी ती कडी पुढे उपटून काढली असेल तर तिथे डाखाचा काळपट फुगवटा उरतो. असं नाणं संग्राहकाच्या हिशेबातून बाद होतं आणि चांदीच्या भावाने तोललं जातं. पण ती जखम निष्काळजीपणाची नव्हे. नाणं जपायची आणि चारचौघांत दाखवायची ती आपली जुनी, विचाराने बसवलेली रीत होती. आज संग्राहकाच्या कपाटात जो अल्बम असतो, त्याचं कूळ शोधायचं तर या भोकापासूनच निघावं लागतं.

मराठी घरातली पुतळ्यांची माळ सगळ्यांच्या ओळखीची. सोन्याची नाणी किंवा नाण्यांसारख्या टिकल्या, प्रत्येकीला कडी, आणि पटवेकराने रेशमात घातलेल्या गाठी. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्याकडे रुपयांचा आणि अधेल्यांचा हार असे. मराठवाड्यातल्या तांड्यांवर लमाण बायकांच्या गळ्यात आणि कपड्यांवर चांदीची नाणी पिढ्यान् पिढ्या दिसत आली. पेढी किंवा बँक दूर, घराच्या भिंती मातीच्या, सतत फिरतीचं जिणं. अशा वेळी बाईचं हक्काचं धन तिच्या अंगावरच सर्वांत सुरक्षित. शिवाय ते दिसायचं, मोजता यायचं आणि अडीनडीला एकेक नाणं मोकळं करता यायचं. साठवण आणि मांडणी ही दोन्ही कामं या माळेने एकत्र केली. किंमत मोजली ती नाण्याने, कारण भोक त्याच्या अंगाला पडलं.

दुसरी रीत याच्या अगदी उलट, नाणं कुणालाच दिसू न देण्याची. मडक्यात भरायचं, तोंड बांधायचं आणि जमिनीत पुरायचं. परभणीच्या दक्षिणेकडून वाहणारी गोदावरी वर नाशिककडे जिथे दारणेला भेटते, तिथे जोगळटेंभी गाव आहे. 1906 साली या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी 13 हजारांहून अधिक, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती आणि त्यांच्याखाली नहपानाचा चेहरा अर्धवट डोकावत होता. सुटं एखादं नाणं हाती आलं असतं तर ते विचित्र ठशाचं म्हणून बाजूला पडलं असतं. हजारो नाणी शेजारी शेजारी मांडता आली, म्हणून कोणी कोणाला हरवलं आणि हरलेल्याचा पैसा आपल्या नावाने कसा फिरवला, ते वाचता आलं. अल्बमचा सगळा जीव या शेजारात आहे, असं मला वाटतं. (आजही शेतात नाणी सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती द्यावी. साठा फुटला की त्याची गोष्टही फुटते.)

युरोपात सरदार आणि राजेलोक नाण्यांसाठी लाकडी कपाटं करवून घेत. उथळ कप्पे, कप्प्याच्या फळीत नाण्याच्या मापाची गोल खाच, खाचेत कापड. लाकूड निवडण्यातही शहाणपण होतं. महोगनी चाले, ओक टाळत, कारण ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि धातू खराब होतो. हे कपाट फार देखणं, पण नाण्याची एकच बाजू वर राहते आणि दुसरी पाहायला ते प्रत्येक वेळी बोटांनी उचलावं लागतं. बोटांचा घाम नाण्याला बाधतो. शिवाय ही चैन श्रीमंतांची.

ही अडचण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्ग गावच्या एम. एल. बिस्टल यांनी सोडवली. ते कागदी सजावटीच्या वस्तूंचे कारखानदार आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचे गाढे अभ्यासक. पुठ्ठा, कागद आणि साचे ही त्यांची रोजची सामग्री. 1920 च्या दशकात त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या पानाला आरपार गोल भोकं पाडली आणि दोन्ही अंगांनी पारदर्शक पट्ट्या सरकवल्या. नाणं मधल्या भोकात बसलं, पान उलटलं की मागची बाजू दिसली, आणि बोट कुठेच लागलं नाही. न्यूयॉर्कचे नाणेव्यापारी वेट रेमंड यांनी पुढे ही पानं अल्बमच्या रूपात बाजारात रुजवली. आपल्या पटवेकराने आणि सोनाराने नाण्याला भोक पाडलं, बिस्टल यांनी ते पुठ्ठ्याला पाडलं. अल्बमच्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी मला हीच वाटते.

अल्बम गरिबाघरी पोचला तो महामंदीत. 1934 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या नीना गावच्या जे. के. पोस्ट यांनी एक साधा फलक तयार केला. एका सेंटच्या नाण्याला एक भोक आणि प्रत्येक भोकाखाली छापलेलं साल. रसीनची व्हिटमन कंपनी तो छापून देई, पुढे तिने हक्कच विकत घेतले. तिथल्या आर. एस. योमन यांनी 1940 च्या सुमारास त्या फलकाची घडीची वही केली. हातात काम नसलेली माणसं संध्याकाळी घरातली चिल्लर ओतून रिकामं साल शोधत बसू लागली. आजचे साल छापलेले अल्बम याच फलकाची नातवंडं.

हे पान आपल्याकडे आणलं की मात्र अडतं. पुठ्ठ्याचं भोक एकाच मापाचं असतं, म्हणजे नाणंही यंत्रावर पाडलेलं, गोल आणि एका जाडीचं हवं. शिवराई त्यात बसत नाही. ती लहान, जाड आणि काठाने वाकडी. सातवाहनांचं शिशाचं किंवा पोटीनचं नाणंही बसत नाही. निजामाच्या टाकसाळीतून गोल, सुबक नाणी निघाली ती हिजरी 1321 पासून, म्हणजे 1903-04 पासून. त्यांच्यावर चारमिनार आहे आणि मधल्या कमानीत तेव्हाचे निजाम मेहबूब अली खान यांच्या नावातलं मीम हे अक्षर. 1911 मध्ये उस्मान अली खान गादीवर आले आणि कमानीत ऐन आलं. सुरुवातीच्या नाण्यांवर हे ऐन अर्धं आहे, नंतर पूर्ण. राईएवढ्या या फरकावर संग्राहक जीव टाकतात, आणि तो दिसायचा तर पारदर्शक खिडकी स्वच्छ हवी, नाण्यावर ओरखडा नको.

सालांचा गुंता वेगळाच. नाण्यावर हिजरी साल आहे आणि हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे छापील रकान्यांत ही नाणी रांगेने बसत नाहीत. परभणीकर तर दोन चलनांत जगला. बाजारात निजामाची हाली चाले आणि इंग्रजी मुलखातून तिथला कलदार रुपया येई. 100 कलदार रुपयांना हाली 116 रुपये 10 आणे 8 पै असा हिशेब होता, म्हणजे सहा कलदारला सात हाली. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा रेल्वेमार्ग याच भागातून गेला, त्यामुळे दोन्ही नाणी एकाच कनवटीला लागत. महायुद्धात तांबं वाचवण्यासाठी 1943 पासून कलदार पैशाला टाकसाळीनेच मधोमध भोक पाडलं. निजामाची भोकाची दोन पै आणि चौकोनी आणाही याच सुमाराचे. 1948 च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला. भारतीय रुपया आला, हाली मागे पडत गेली. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे सुरू झाले आणि आणा-पैही गेले. या जिल्ह्यातल्या घराचा संग्रह म्हणजे ही सगळी सरमिसळ. गोल भोकांचा एकसारखा पुठ्ठा तिच्या उपयोगाचा नाही. तिला कप्प्यांचं पान हवं.

कप्प्याचं पान प्लॅस्टिकने दिलं, आणि तिथेच नवं संकट आलं. मऊ, चमकदार, स्वस्त पानं पीव्हीसीची असतात. मऊपणासाठी घातलेलं द्रव्य काळ लोटला की पाझरतं, प्लॅस्टिकातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. तांब्याला हे सर्वांत आधी लागतं. हाली रुपयात 100 भागांत सुमारे 82 भाग चांदी होती, कलदारमध्ये जवळपास 92. म्हणजे मिश्र धातूचा वाटा हालीत जास्त, आणि तिला जपायची गरजही जास्त. उष्णतेने ही झीज वेग घेते. मे महिन्यात परभणीचा पारा 44-45 अंशांवर जातो, लोखंडी कपाट त्याहून तापतं, आणि मागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. थंड देशात बरीच वर्षं तग धरणारं पान इथे लवकर नाण्यावर उलटतं.

म्हणून अल्बम निवडताना चामड्याचं वेष्टण आणि सोनेरी अक्षरं शेवटी बघा, आधी पान बघा. उघडल्याबरोबर नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते घेऊ नका. शंका असेल तर पानाचा कोपरा कापा, तांब्याची तार लालबुंद करून त्याला टेकवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर, म्हणजे मायलर, निर्धास्त घ्या. खिडकीची चौकोनी पुठ्ठा-पाकिटं घेतलीत तर आतली खिडकी मायलरची आहे याची खात्री करा आणि स्टेपलची टोकं पकडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारचं नाणं खरवडतं. जाड शिवराईला असं पाकीट ताणू नका, तिला खोल कप्पा किंवा लहान कडक डबी द्या. नाणी रबरबँडने बांधू नका, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत राहा.

एक सवय मात्र या कुळात कुठल्याच कारखान्याने शिकवली नाही. पोस्ट यांच्या फलकावर फक्त साल होतं. नाणं कुठल्या गावचं, कोणाच्या घरचं, याला तिथे जागाच नव्हती. आपल्या नाण्याला ती जागा द्यायला हवी. प्रत्येक कप्प्यात आम्लरहित कागदाची चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर पेन्सिलने लिहा: सेलूच्या आजीच्या हारातलं, पाथरीच्या बाजारात मिळालेलं, मामाच्या वाड्याच्या कोनाड्यात सापडलेलं. कडी डाखलेलं नाणं हाती आलं तर कडी उपटू नका. तिच्यासकट तसंच ठेवा, कारण ती कडीही या जिल्ह्याच्या इतिहासाचाच भाग आहे. आणि येत्या लक्ष्मीपूजनाला ताटातला चारमिनारचा रुपया चिंच-मीठ लावून घासू नका. कमानीतलं ऐन एकदा झिजलं की ते परत येत नाही.