आईच्या हिशोबाच्या वह्या



माझ्या मुलांना आई आठवते ती आज्जी म्हणून. सूर्यास्ताआधी सगळ्यांना जेवायला बसवणारी, दुहेरी फडक्यातून पाणी गाळणारी, दशलक्षण पर्वात कुणाचा उपवास नि कुणाचं एकाशन हे तोंडपाठ असणारी. मी मात्र तिला तिच्या वह्यांतून वाचते. सातवी शिकलेली आई सांगलीजवळच्या आमच्या गावी रोज घरखर्च लिहायची. दर दिवाळीच्या पाडव्याला नवी वही. मी बी.कॉम. झाले, पण तिच्या बेरजेत मला कधी चूक सापडली नाही.

सगळ्यांत जुनी वही १९५६ च्या पाडव्याची, नव्या सुनेच्या हातची. निम्म्या वहीत आणे संपतात, कारण १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आण्याचे खरे सव्वासहा पैसे, पण पाव पैशाचं नाणं आणायचं कुठून? म्हणून एका आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस असं कोष्टक ठरलं. आईनं ते पुठ्ठ्याच्या आत उतरवून घेतलंय. त्यानंतर कोथिंबीर, मिरची, आलं-बिलं नव्हे (आमच्यात कंदमूळ नाही), लिंबू, कढीलिंब असं एकेका आण्याचं वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. चारदा घेतलं की एक पैसा वाचतो!

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. त्या भाकरीला आम्ही तोंडं वाकडी करायचो. त्या महिन्यांत वहीत तुपाची ओळच नाही. मंदिराचे पंचवीस पैसे मात्र दर आठवड्याला आहेत.

एका पानाशी मी नेहमी थांबते. १९६७ मधलं. आजोबा आदल्या वर्षी गेले होते. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झालेला, आणि तो आम्हा जैनांनाही लागू आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, वडिलोपार्जित जमिनीतही वडिलांच्या हिश्श्यातून काही. मामांनी हक्कसोडपत्र पुढं केलं, आईनं सही केली. माहेर तुटू नये म्हणून बायका सही करतात, हे सांगायला नकोच. वहीत त्या दिवशी एवढंच आहे: एस.टी. भाडे, तालुक्याला जाऊन येऊन.

पुढं महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ साली केंद्रानं ती अट काढली, तरी तिची सही होऊन गेलेली होती. आई त्याबद्दल कधी कडू बोलली नाही. मला मात्र अजून राग येतो.

पण तिनं तो कायदा वाचला होता, पेपरातून, चष्मा पुसत. बाबांनी तिच्या नावावर ठेवलेली जमीन होती. २००६ मध्ये तिनं मृत्युपत्र नोंदवलं: आम्हा दोघी बहिणींना आणि भावाला सारखा वाटा, बांगड्या नातींना. एक नातेवाईक म्हणाले, "अहो काकी, मुलींची तर लग्नं झालीत." ती म्हणाली, "मग? लग्न झाल्यावर भूक कमी लागते होय?"

त्या दिवशीच्या पानावर नोंदणी फी, झेरॉक्स, दोन साक्षीदारांचा चहा असं सगळं आहे. खाली तिघांची नावं, वयाच्या क्रमानं. एस.टी. भाडं नाही. जावयाच्या गाडीतून गेली होती.